अझकाबानचा कैदी: नकाशा कुणी बनवला हे सांगायला दोन मिनिटं नव्हती का?

पंचगंगाकाठ

हॅरी पॉटरच्या आठ चित्रपटांपैकी तिसरा, 'अझकाबानचा कैदी', मला सगळ्यात जास्त आवडतो आणि चीडही सगळ्यात जास्त त्याचीच येते. २००४ साली आलेला अल्फोन्सो क्वारोनचा हा चित्रपट दिसायला, ऐकायला, वेगाला बाकीच्या सातांपेक्षा सरस आहे, याबद्दल माझं कुणाशी भांडण नाही. भांडण एकाच गोष्टीवरून आहे. शाळेत कोण कुठे आहे ते दाखवणारा तो जादूचा नकाशा कुणी बनवला, हे यात कुणी सांगतच नाही. आणि तेवढं एक न सांगितल्यामुळे कथेचं काळीजच निघून गेलंय.

(पुस्तक वाचलं नसेल तर इथेच थांबा, पुढे सगळी रहस्यं उघडी आहेत.)

पुस्तकात काय आहे? चार मित्र आहेत. त्यातल्या ल्युपिनला (हाच पुढे हॅरीचा शिक्षक) लहानपणी वेअरवुल्फ, म्हणजे पौर्णिमेला लांडगा होणारा माणूस, चावलाय. पौर्णिमा आली की त्याला शाळेबाहेरच्या पडक्या घरात नेऊन कोंडायचं. तिथे तो एकटा, स्वतःलाच ओरबाडत आणि चावत रात्र काढणार. हे कळल्यावर बाकीचे तिघे त्याला टाकून देत नाहीत. माणूस म्हणून जवळ गेलं तर तो फाडून काढेल, मग जनावर होऊन जाऊ, असं ते ठरवतात. ती विद्या चोरून शिकायला त्यांना काही वर्षं लागतात आणि पाचव्या इयत्तेत जमते. सिरियस, म्हणजे अझकाबानच्या तुरुंगातून पळालेला तो कैदी, कुत्रा होतो, पीटर उंदीर होतो आणि हॅरीचा बाप जेम्स शिंगं असलेलं हरीण. त्या रात्रीच्या भटकंतीतून शाळेचा कोपरा न् कोपरा त्यांना पाठ होतो आणि नकाशा तयार होतो. मूनी, वर्मटेल, पॅडफूट, प्राँग्स ही त्यांचीच नावं.

आता तळ्याकाठचा प्रसंग आठवा. माणसाचा आनंद शोषणाऱ्या डिमेंटरांच्या झुंडीवर हॅरी पॅट्रोनस, म्हणजे त्यांना पळवणारं जादूचं जनावर, सोडतो आणि तो निघतो हरणाचा. पुस्तक वाचलेल्याच्या अंगावर काटा येतो, कारण ते हरीण म्हणजे त्याचा बाप आहे. ज्याला त्याने कधी धड पाहिलं नाही तो बाप त्याच्याच कांडीतून बाहेर येऊन त्याला वाचवतोय. चित्रपटात ते हरीण दिसतं, पण ते हरीणच का, हे कुणी सांगत नाही.

मागच्या महिन्यात राजारामपुरीत बहिणीच्या घरी भाचरं आणि शेजारची पोरं मिळून हा चित्रपट लावला होता. त्या प्रसंगाला एकाने विचारलं, "मामा, हरीण कुठनं आलं?" थोरल्या भाचीने मराठी पुस्तक वाचलेलं. तिने चित्रपट थांबवला आणि चौघा मित्रांची गोष्ट सांगितली. पाचच मिनिटं बोलली असेल, पण पोरं चित्रपटात गुंगली नव्हती इतकी त्या गोष्टीत गुंगली. मग त्यातलाच एक म्हणाला, "मग हे पिक्चरमध्ये का नाही दाखवलं?"

मला हाच प्रश्न विचारायचाय. हा चित्रपट १४२ मिनिटांचा. याच्या आधीचा १६१ मिनिटांचा होता आणि त्याचं पुस्तक यापेक्षा लहान होतं. वेळ नव्हता म्हणावं, तर नाइट बसमध्ये आरशाजवळ लोंबकळणारं ते बडबडं मुंडकं पुस्तकात नाहीच. त्याला संवाद दिलेत. ल्युपिनला दोन वाक्यं द्यायला वेळ नव्हता?

शाहूपुरीकर

पूर्ण असहमत, आणि सविस्तर लिहितो.

पुस्तकातलं अठरावं प्रकरण जसंच्या तसं पडद्यावर आणलं असतं तर काय झालं असतं? पडक्या घरात सहा माणसं उभी, एकमेकांवर कांड्या रोखलेल्या, आणि एक जण आपल्या लहानपणापासूनची हकीकत सांगत बसलाय. कागदावर ते चालतं, कारण वाचणारा आपल्या गतीने वाचतो. पडद्यावर ताण तिथेच मरतो. पटकथा लिहिणाऱ्या स्टीव्ह क्लोव्ह्जने तो प्रसंग झपाट्याने उरकला, हे मला बरोबर वाटतं.

आणि बापाचा धागा चित्रपटात नाही हे तर मुळीच खरं नाही. क्वारोनने तो दुसऱ्या मार्गाने आणलाय. लाकडी छपराच्या पुलावर ल्युपिन आणि हॅरी बोलतात तो प्रसंग घ्या. जेव्हा सगळ्यांनी पाठ फिरवली होती तेव्हा हॅरीच्या आईने, लिलीने, आपल्याशी माणुसकी दाखवली, असं ल्युपिन सांगतो. हे पुस्तकात नाही. दुसरी गोष्ट, पॅट्रोनस शिकताना हॅरी कोणती आठवण निवडतो? पुस्तकात पहिल्यांदा झाडूवर बसल्याची वगैरे. चित्रपटात तो म्हणतो, आईबाप माझ्याशी बोलतायत एवढंच आठवतं, ते खरं घडलंय की नाही तेही ठाऊक नाही. अनाथ पोराबद्दल याहून खोल काही पुस्तकाच्या त्या प्रकरणातही नाही, असं मी छातीठोक म्हणेन.

अभिनय बघा. ज्याची भीती वाटते तेच रूप घेणाऱ्या बोगार्टच्या तासाला ग्रामोफोनवर तबकडी लावलीय, पोरं रांगेत हसतायत, आरशाचं कपाट थरथरतंय. मग हॅरीची पाळी येते आणि ल्युपिन मध्ये पडतो. त्याच्यासमोर ढगातला पूर्ण चंद्र. ल्युपिन झालेल्या थ्यूलिसच्या चेहऱ्यावर अर्धा क्षण काहीतरी येतं आणि जातं. तो वेअरवुल्फ आहे हे तिथेच सांगून झालं, एक शब्द न बोलता. याला चित्रपट म्हणतात.

लई_भारी_पॉटर

दोगंबी मोठं लिवताय, खरं रॉनचं कुणीच काढंना म्हणून मी लिवतो.

त्या पडक्या घरात पोराचं हाड मोडलंय. पुस्तकात तसल्या पायावर रॉन उठून उभारतो आन् सिरियसला तोंडावर सांगतो, हॅरीला मारायचं आसंल तर आदी आमाला मारायला लागंल. मी पाचवीत आसताना ते वाचलं आन् पुस्तक मिटून गप बसलो. असला दोस्त पायजे माणसाला. पिक्चरमदी त्योच डायलॉग हर्मायनीला दिलाय. रॉन आपला कण्हत बसलाय.

दुसरं. स्नेप ल्युपिनच्या जागी शिकवायला येतो आन् हर्मायनीला आगाऊ म्हणून हाणून पाडतो. पुस्तकात रॉन सगळ्या वर्गादेखत स्नेपला उलटं बोलतो आन् शिक्षा वडून घेतो. एरवी दिवसभर तिच्याशी भांडणारा पोरगा, खरं दुसऱ्या कुणी बोललेलं खपवून घेत न्हाई. पिक्चरमदी काय केलंय? स्नेपचं बरोबरच हाय म्हणतो तो. ह्यो आमचा रॉन न्हवंच.

क्वारोननं कॅमेरा कसाबी फिरवूदे, ह्ये माफ न्हाई.

कोजागिरी

लई_भारी_पॉटर, +१००. रॉनला विनोदी करून ठेवण्याची सुरुवात इथूनच झाली. रूपर्ट ग्रिंट चांगला नट आहे, त्याला झेपलं असतं.

आठवी_ब_च्या_बाई

मी शाळेत शिकवते आणि हे पुस्तक दर वर्षी कुणा ना कुणा विद्यार्थ्याच्या हातात देते. रॉनबद्दल वर लिहिलंय ते पटलंच, पण रॉनचे संवाद मिळूनही हर्मायनीचंही या चित्रपटात नुकसान झालंय, हे मला सांगायचंय.

पुस्तकातलं मधलं मोठं पर्व चित्रपटात गायब आहे. नाताळात हॅरीला फायरबोल्ट झाडू येतो, पाठवणाऱ्याचं नाव नाही. हर्मायनीला शंका येते की हा सिरियसनेच पाठवला असणार, म्हणजे यात घात असू शकतो. ती मॅकगोनॅगल बाईंना सांगते आणि झाडू तपासणीसाठी जप्त होतो. दोघे मित्र तिच्याशी बोलणं टाकतात. त्यात तिच्या मांजराने रॉनचा उंदीर खाल्ला असं वाटून आणखी तुटतं. किती तरी आठवडे ती एकटी. सगळे विषय घेतलेले, डोळ्यांखाली काळं, ग्रंथालयात पुस्तकांच्या ढिगामागे बसून हॅग्रिडच्या हिप्पोग्रिफ या पंखवाल्या प्राण्याच्या खटल्यासाठी कायदे शोधतेय. शेवटी हॅग्रिड दोघा पोरांना बोलावून सुनावतो की झाडू आणि उंदरापेक्षा मैत्रिणीची किंमत तुम्हाला जास्त असेल असं मला वाटलं होतं.

वर्गात दर वर्षी अशी एखादी मुलगी असते. मित्राच्या भल्यासाठी बाईंना येऊन काहीतरी सांगते आणि मग मधल्या सुट्टीत तिचा डबा एकटीने उघडते. तिने केलं ते बरोबर होतं, हे तिला कुणीतरी सांगावं लागतं. या पुस्तकातला हॅग्रिड ते सांगतो, म्हणून मी हे पुस्तक देते. चित्रपटात झाडू येतो अगदी शेवटच्या मिनिटाला, हॅरी उडतो, त्याचा चेहरा गोठतो आणि संपलं. भांडण नाही, एकटेपण नाही, हॅग्रिडचं बोलणं नाही.

मालफॉयच्या नाकावर ठोसा मारणारी हर्मायनी मुलांना आवडते, टाळ्या पडतात. पण पुस्तकात ती त्याला थोबाडीत मारते तेव्हा ती महिनोन्‌महिने दमलेली, एकटी पडलेली मुलगी असते. तो हात कुठून उठला हे वाचणाऱ्याला माहीत असतं.

एक मात्र मनापासून आवडतं. क्वारोनने तिन्ही मुलांना आपापल्या पात्रावर निबंध लिहून आणायला सांगितलं होतं. हर्मायनी झालेल्या एमा वॉटसनने सोळा पानं लिहिली, हॅरी झालेल्या डॅनियलने एक, आणि रॉन झालेल्या रूपर्टने आणलाच नाही. तिघांनीही आपापलं पात्र नेमकं ओळखलं होतं, असंच म्हणायला हवं.

छाया_चौक

मी कॅमेऱ्यामागे काम करतो, त्यामुळे माझं लक्ष दुसरीकडे जातं. या चित्रपटात प्रसंग संपताना काही ठिकाणी पडदा काळ्या वर्तुळात मिटत जातो आणि पुढचा प्रसंग तसाच वर्तुळातून उघडतो. आयरिस म्हणतात त्याला. हे मूकपटांच्या जमान्यातलं तंत्र. अब्जावधींचा चित्रपट, कॉम्प्युटरवर काय वाटेल ते करता येतंय, आणि हा माणूस मुद्दाम शंभर वर्षांपूर्वीची युक्ती काढतो. का? कारण अर्धी गोष्ट वेळेबद्दल आहे. कुणाचा तरी डोळा उघडतोय, मिटतोय, कुणीतरी आडून बघतंय. तो कुणीतरी म्हणजे वेळेत मागे जाऊन तीच संध्याकाळ पुन्हा जगणारे, दुसऱ्या फेरीतले हॅरी आणि हर्मायनीच.

आपण कोल्हापूरकरांनी तरी हे ओळखायला हवं. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे, रोज त्याच्यावरून गाड्या काढतो आपण. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी इथे उभी केली. १९२० च्या 'सैरंध्री'त कीचकवध इतका खरा वाटला की लोक हादरले. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये इथे प्रभात काढली आणि पुण्याला जाण्याआधी, १९३२ मध्ये, 'माया मच्छिंद्र' केला. स्त्रीराज्य, जादू, नाथांचे चमत्कार, आणि शेवटी ती सगळी माया होती असा उलगडा. अद्भुतपट या गावाला नवा नाही.

पेंटर मुळात चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवणारे. म्हणून त्यांना कळलं होतं की अद्भुत गोष्ट खरी वाटायची असेल तर आजूबाजूची जागा खरी वाटली पाहिजे. क्वारोनने तेच केलं. पहिले दोन चित्रपट ख्रिस कोलंबसचे, तिथे हॉगवर्ट्स सणासुदीला सजवल्यासारखं दिसतं. तिसऱ्यात छायालेखक मायकल सेरेसिनने रंग उतरवले. हॅग्रिडची झोपडी उचलून स्कॉटलंडमधल्या ग्लेनकोच्या उतारावर नेली. पोरांच्या टाय सैल, शर्ट बाहेर, सुट्टीच्या दिवशी साधे कपडे. जुलैत गगनबावड्याच्या घाटात ढग खाली उतरतो तसा उजेड आहे सगळीकडे. त्या उजेडात डिमेंटर आला की मुद्दाम घाबरवावं लागत नाही. आगगाडीचा प्रसंग पुन्हा लावून बघा. आधी खिडकीच्या काचेवर बर्फाच्या रेघा चढतात, मग बाटलीतलं पाणी गोठतं, आणि मग दारावर ती बोटं येतात. या डिमेंटरांसाठी त्यांनी आधी पाण्याखाली बाहुल्या हलवून बघितल्या होत्या. ते जमण्यासारखं नव्हतं म्हणून कॉम्प्युटरवर केले, पण पाण्यातल्या कापडाची ती संथ हालचाल तशीच ठेवली.

आणि लीकी कॉल्ड्रन खाणावळीतला तो लांबलचक शॉट. रॉनचा बाप आर्थर वीझली हॅरीला गर्दीतून बाजूला नेऊन सिरियसबद्दल सांगतो. कट नाही. कॅमेरा त्यांच्याबरोबर खांबांमागून फिरतो आणि भिंतीवरच्या पोस्टरमध्ये सिरियस किंचाळतोय. ऐकताना मान वळवून मागे बघावंसं वाटतं.

पंचगंगाकाठ

छाया_चौक, तुमचा प्रतिसाद जपून ठेवतोय. आयरिसचा दुसऱ्या फेरीशी लावलेला संबंध मला पटला.

शाहूपुरीकर, तुम्ही पुलावरचा प्रसंग काढलात ते बरं झालं, कारण माझं म्हणणं त्यानेच पक्कं होतं. ल्युपिन तिथे लिलीबद्दल बोलतो, सुंदरच बोलतो. जेम्सबद्दल काय सांगतो? उचापती करण्यात हुशार होता, एवढंच. ज्या मित्राने आपल्यासाठी जनावर व्हायची विद्या शिकली त्याच्याबद्दल एवढंच? पुढे नकाशा हातात आल्यावर ल्युपिन तो लगेच ओळखतो, पण त्याला तो कसा माहीत, हे हॅरी विचारतही नाही. शेवटी निरोप घेताना नकाशा परत मिळतो, तेव्हाही नाही.

आणि अठरावं प्रकरण जसंच्या तसं घ्या असं मी म्हणतच नाही. निरोपाच्या त्याच प्रसंगात ल्युपिन सामान आवरतोय, हॅरी समोर उभा आहे, ताण संपलाय, दोघांनाही बोलायला निवांत आहे. तिथे त्याने नकाशावरच्या चार नावांवर बोट ठेवलं असतं आणि शेवटच्या नावाला म्हणाला असता की हे तुझे बाबा, हरीण व्हायचे. बास. वेग कुठेही अडला नसता.

आता स्नेपचं बघा. पडक्या घरातून झाडाखालच्या भुयाराने सगळे बाहेर येतात, चंद्र उगवतो, ल्युपिन बदलतो आणि स्नेप दोन्ही हात पसरून पोरांच्या पुढे उभा राहतो. पुस्तकात तो त्या वेळी बेशुद्ध असतो, म्हणजे हे क्वारोनने घातलेलं. घातलंय ते लाखमोलाचं आहे. पण पुस्तक सांगतं की शाळेत असताना सिरियसने चेष्टा म्हणून स्नेपला याच भुयारात, याच लांडग्याकडे पाठवलं होतं आणि जेम्सने त्याला ओढून मागे आणलं. म्हणजे लहानपणी ज्याच्या तोंडातून वाचला त्याच जनावरासमोर, ज्याने वाचवलं आणि ज्याचा आयुष्यभर द्वेष केला त्याच्याच पोराला पाठीशी घालून, हा माणूस उभा आहे. केवढा मोठा प्रसंग! प्रेक्षकाला यातलं काहीच माहीत नाही. स्वतः केलेल्या इतक्या चांगल्या भरीचं मोल त्यांनीच उतरवलं.

डोळस_हिप्पोग्रिफ

नकाशाच्या जोडीला आणखी दोन गाळलेल्या जागा लिहून ठेवतो. एक, सिरियस अझकाबानमधून सुटला कसा? पुस्तकात बारा वर्षं तो भानावर राहिला, कारण आपण निर्दोष आहोत हे त्याला ठाऊक होतं आणि असह्य झालं की तो कुत्रा व्हायचा. जनावराच्या साध्या भावना डिमेंटरांना नीट जाणवत नाहीत. पुढे तपासणीला आलेल्या मंत्र्याकडून मिळालेल्या वर्तमानपत्रात त्याला वीझली कुटुंबाचा फोटो दिसतो, रॉनच्या खांद्यावर उंदीर, पायाचं एक बोट गायब, म्हणजे तो पीटरच. तिथून तो पेटतो, कुत्रा होऊन गजांतून निसटतो. चित्रपटात तो फोटो सुरुवातीला दाखवलाय, पण तो सिरियसच्या हाती कसा लागला हे नाही.

दुसरं, हॅरीचे आईबाप कुठे लपलेत हे गुपित सांभाळायला आधी सिरियसला नेमलं होतं आणि आयत्या वेळी पीटरला केलं, ही अदलाबदल. ती नसल्यामुळे सगळ्या जगाने सिरियसला गुन्हेगार का मानलं हे अर्धवट राहतं.

अवांतर: सिरियस झालेला गॅरी ओल्डमन मात्र असा आहे की हे सगळं न सांगताही त्याच्यावर विश्वास बसतो.

कोजागिरी

मुख्याध्यापक डम्बलडोरचं कुणी बोललं नाही अजून. रिचर्ड हॅरिस २००२ मध्ये गेले आणि इथून मायकल गँबन आले. मला हॅरिसच हवे होते. पण दवाखान्यात तीन फेऱ्यांचा इशारा देताना गँबन जे मिश्कील करतात ते छान जमलंय.

दहावीनंतर_वाचेन

मी या धाग्यावर बहुतेक सगळ्यात लहान. मी आधी चित्रपट पाहिले, मग मराठीतून पहिली तीन पुस्तकं वाचली. त्यामुळे माझा अनुभव उलटा आहे आणि तो सांगते.

मला चित्रपट पाहताना काहीच अडलं नाही. हरीण दिसलं, मला वाटलं हरणासारखं काहीतरी शांत आणि ताकदीचं. त्या वेळी हॅरीला वाटतं की समोर बाबा आहेत आणि दुसऱ्या फेरीत कळतं की तो स्वतःच होता. कुणी येणार नाहीये, मलाच करायचंय. मला ते इतकं आवडलं की मी परत परत तेवढंच बघितलं. नंतर पुस्तक वाचलं तेव्हा हरणाचं कळलं आणि मी रडले. दोन्ही वेळा मिळालं मला.

वेळेची फेरी चित्रपटात पुस्तकापेक्षा चांगली आहे असं माझं मत आहे. हॅग्रिडच्या झोपडीत खिडकीतून दगड येऊन मडकं फुटतं, हॅरीच्या डोक्याला दगड लागतो, झाडीत काहीतरी हललं असं हर्मायनीला वाटतं. आपण विसरून जातो. मग दुसऱ्यांदा तीच जागा बाहेरून बघताना एकेकाचं उत्तर मिळतं. लांडग्याची आरोळी ठोकून ल्युपिनला हॅरीपासून लांब ओढणारी हर्मायनीच होती, हे तर मला फारच आवडलं. पुस्तकात यातलं दगड आणि आरोळी नाहीच. शिवाय घड्याळाचा तो मोठा लंबक सगळीकडे ठोके देत असतो.

शाहूपुरीकर

दहावीनंतर_वाचेन, तू जे लिहिलंयस तेच मला म्हणायचं होतं आणि तू ते माझ्यापेक्षा नीट लिहिलंस. कुणी येणार नाही, मलाच करायचंय, हा चित्रपटाचा अर्थ स्वतंत्र उभा राहतो. पुस्तकाचा अर्थ वेगळा आहे: गेलेला माणूस आपल्यात उरतो. दोन्ही खरे आहेत, पण चित्रपटाने आपला एक निवडला आणि त्याच्याशी प्रामाणिक राहिला.

पंचगंगाकाठ, निरोपाच्या प्रसंगात चार नावांवर बोट ठेवायची तुमची सूचना मात्र वाईट नाही. पण मी तरीही ती घेतली नसती. तिथे थ्यूलिस राजीनामा देऊन निघालाय, उद्या सकाळपासून पालकांची पत्रं येतील, माझ्यासारख्याने आपल्या मुलांना शिकवावं हे त्यांना चालणार नाही, असं सांगतोय. तो प्रसंग त्याच्या एकट्याचा आहे. तिथे जेम्स आला की ल्युपिन पुन्हा मागे गेला.

आठवी_ब_च्या_बाई

शाहूपुरीकर, इथे मी पंचगंगाकाठ यांच्या बाजूने. ल्युपिनच्या आयुष्यात त्याला माणूस म्हणून वागवणारे पहिले कोण, तर ते तीन मित्र. आता गाव त्याला पुन्हा हाकलतंय. त्या क्षणी मित्रांची आठवण निघाली असती तर ल्युपिन मागे गेला नसता, त्याने काय गमावलंय ते कळलं असतं. चार मित्रांपैकी एक मेला, एक फितूर झाला, एक पुन्हा फरार. उरलेला बॅग घेऊन निघालाय. हे सगळं त्या कागदावरच्या चार नावांत आहे हो.

लई_भारी_पॉटर

बाई, काटा आला अंगावर.

छाया_चौक

संगीताबद्दल दोन ओळी. जॉन विल्यम्सचा हा मालिकेतला शेवटचा चित्रपट, चौथ्यापासून दुसरे संगीतकार आले. पुलावर आणि आईबापांच्या आठवणीपाशी जी बासरीसारखी धून येते ती पहिल्या दोन चित्रपटांत नाही, इथेच जन्मली. पंचगंगाकाठ, तुम्हाला जो बाप संवादात सापडत नाही तो मला त्या धुनेत सापडतो. ऑस्करला संगीत आणि दृश्यपरिणाम अशी दोन नामांकनं मिळाली, बक्षीस एकही नाही. आणि आठांमध्ये सगळ्यात कमी गल्लाही याचाच. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

कोजागिरी

आता नवी मालिका येतेय, एकेका पुस्तकाला एकेक हंगाम. तिसऱ्या पुस्तकाला सात-आठ तास मिळाले तर नकाशा, झाडूवरून झालेलं भांडण, रॉनचं एका पायावर उभं राहणं, सगळं बसेल. फक्त त्यांनी क्वारोनसारखा एक तरी दिग्दर्शक आणावा.

मला एक विचारायचंय. मुलगा नऊ वर्षांचा आहे, पहिली दोन पुस्तकं मराठीतून झालीत, चित्रपटही दोन झाले. तिसरं आधी वाचायला देऊ की आधी दाखवू? डिमेंटरला घाबरेल का?

पंचगंगाकाठ

कोजागिरी, आधी पुस्तक. निदान अठराव्या-एकोणिसाव्या प्रकरणापर्यंत तरी. स्वतः वाचायला जड गेलं तर तेवढी प्रकरणं तुम्ही वाचून दाखवा, तिथे बरीच नावं आणि टोपणनावं एकदम येतात. करवीर नगर वाचन मंदिरात बालविभागाला विचारून बघा.

घाबरण्याचं म्हणाल तर पुस्तकात तो डिमेंटरला भेटतो तेव्हा लगेच पुढच्या पानावर ल्युपिन चॉकलेट देतो, आणि पॅट्रोनस कसा करायचा हेही हॅरीबरोबर तो शिकतो. ते डोक्यात असलं की पडद्यावरचा डिमेंटर झेपतो. आमच्याकडे लहान पोरं आगाऊच सांगत होती, आता ल्युपिन उठेल बघा. लांडगा होण्याचा प्रसंग मात्र डिमेंटरपेक्षा भीतीदायक आहे, तो दिवसा दाखवा.

लई_भारी_पॉटर

आन् ताई, वाचून दावताना रॉनचा त्यो डायलॉग जरा जोरात वाचा. पिक्चरमदी त्याला मिळायचा न्हाई.